रुखवतातला एक्सल

माझ्या बहिणीमुळं महाराष्ट्रातल्या घाटांत लोकांनी ओकायचं बंद केलं. आमच्या घराण्याचा याहून मोठा पराक्रम मला माहीत नाही, आणि आमचे एक पणजोबा कुस्तीत गाजलेले होते.

बहिणीचं नाव संयोगिता सरनाईक. मी तिला आक्का म्हणतो. कोल्हापूरच्या पुष्कळ मुलींसारखी तीही स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलते. पुण्यात गाड्यांच्या कंपनीत लागली तेव्हा लोक हसले. मग तिचा शोध बघितला आणि हसायचे थांबले.

शोधाचं मूळ म्हणजे आमची आई. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट सुरू झाला, की एका ठरलेल्या वळणाला आई ओकायची. आबा, म्हणजे आमचे वडील, तिथं न विचारता गाडी थांबवायचे. वळणावर लिंबू-सरबत विकणाऱ्या बाईनं आमची गाडी लांबून ओळखून लिंबू कापायला घेतलेलं असायचं. आक्का तेव्हा शाळेत होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "आबा, गाडी पुढनं बरी चालत्या, मागनंच का हलत्या?"

आबांची उद्यमनगरात लोखंड ओतायची फौंड्री आहे. त्यांनी उत्तर देण्यासाठी आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो, पण जे कळलं ते असं.

लाटण्याच्या दोन टोकांना दोन चाकं लावली की झाला मागचा एक्सल. त्याच्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गाडी. स्प्रिंगा वजन पेलतात. लाटणं पुढंमागं किंवा बाजूला सरकू नये, ही जबाबदारी त्या घेत नाहीत. त्यासाठी एक्सलला धरून ठेवणारे रॉड लागतात. लांबीला बसवलेले रॉड त्याला पुढंमागं जाऊ देत नाहीत. बाजूला जाऊ नये म्हणून एक आडवा रॉड असतो, त्याचं एक टोक गाडीला, दुसरं एक्सलला. पण हा रॉड दारासारखा बिजागरीवर फिरतो. दार उघडताना कडी सरळ जात नाही, गोलात जाते. तसाच खड्डा आला की एक्सल वर जाता जाता थोडा बाजूलाही सरकतो. त्यात गाडी वळणावर कलली आणि एक्सल जरासा तिरका झाला, तर मागची चाकं आपली आपणच वळायला लागतात. म्हणजे पुढं स्टिअरिंग तुमच्या हातात आणि मागं दुसऱ्याच कुणाच्या तरी. आईच्या पोटात कालवायचा तो हाच दुसरा.

"मग दोन्ही चाकं वेगवेगळी ठेवायची," आक्का म्हणाली.

"ठेवत्यात की. दोन्ही चाकं एका एक्सलवर म्हणजे एकत्र कुटुंब. डावं खड्ड्यात गेलं की उजव्याला कळतंय. वेगवेगळी म्हणजे विभक्त. सुख जास्त, सांधे जास्त, दुरुस्ती जास्त." आबांनी लाटणं पिळल्यासारखं केलं. "आणि एक मधला प्रकार असतोय, दोघांना जोडणारी पट्टी पिळवटत्या. एकाच बिल्डिंगमधी दोन फ्लॅट."

"लाटणं द्या," आई म्हणाली.

आक्का इंजिनिअर झाली आणि तिनं एक्सलचे सगळे रॉडच काढून टाकले. तिच्या गाडीत मागच्या एक्सलला चार चुंबकी पंजे धरून असतात. एक्सल कुठं असावा, हे कॉम्प्युटर सेकंदाला हजारदा ठरवतो. पण ठरवायचं कशावरनं? रस्त्यावरनं, हे तर झालंच. आक्काची खरी कमाल पुढं होती. तिनं सीटना ऐकायला शिकवलं. माणूस घाबरला की आधी त्याची नाडी पळते आणि मांड्या आवळतात, तोंड मागाहून बोलतं. सीटला ते आधीच कळतं. मग एक्सल सगळ्यांत सुरक्षित जागी जाऊन बसतो, गाडी हळू होते, आणि पोटातलं पोटात राहतं. गाडीतले सगळे निवांत असले की पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ दिसते. कुणी घाबरलं की ती थरथरते.

कंपनीनं याचं नाव ठेवलं 'मोकळा एक्सल'. काही वर्षांत जवळजवळ सगळ्या गाड्यांना तोच आला. गाड्या आपल्या आपण चालत होत्याच. आता त्यांना विनंती करता येत होती, हुकूम नाही. लिंबूवाल्या बाईनं आइस्क्रीम ठेवलं. घाटातल्या वळणांचे ढाळ बिघडले तरी कुणी बघेना, कारण एक्सल सांभाळून घ्यायचा. आक्का टीव्हीवर गेली आणि तिथं म्हणाली, "माणूस खोटं बोलेल, एक्सल बोलणार नाही." आईनं ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

आपल्या लोकांच्या हातात खरं बोलणारं यंत्र दिलं, की ते पहिल्यांदा लग्नासाठी वापरतात.

वर्षाच्या आत कांदेपोह्यांचा कार्यक्रम बंद पडला आणि 'रेघ बघणं' सुरू झालं. मुलामुलीला गाडीत पुढं बसवायचं, घरच्यांनी मागं बसायचं, आणि घाट उतरायचा. रेघ सरळ, तर स्थळ पसंत. सासरे जावयाला गाडीत घालून नको ते प्रश्न विचारत रेघ बघू लागले. खरी पंचाईत पाठवणीची झाली. घाबरणं आणि रडणं यांत सीटला फरक कळत नव्हता, कारण छाती दोन्हीकडं धडधडते. नवरी रडली की गाडी हलेना. मग मुलींना आदल्या दिवशीच रडवून घ्यायची पद्धत पडली. काही मंगल कार्यालयांनी त्यासाठी वेगळी खोली ठेवली.

आणि अशात आक्काचं लग्न ठरायला आलं.

मुलगा गौरेश परब. तो कंपनीत टायर तपासायचा. टायरवर इतका विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. घर घाटाखाली कोकणात, वैभववाडीच्या पुढं. वडील लहानपणीच गेले. आईनं काजूचा कारखाना चालवून एकटीनं वाढवलेला. आम्ही तिला परबकाकू म्हणू लागलो. काकूंच्या गावात रेघ न बघता लग्न करणं म्हणजे पत्रिका न बघता करण्यापेक्षा वाईट होतं.

रेघ बघायला करूळ घाट आम्ही चौघांनी उतरला. पुढं आक्का आणि गौरेश, मागं काकू आणि मी. मला गाडीत झोप लागते. जाग आली तेव्हा गाडी बैलगाडीच्या वेगानं चालली होती, आणि पडद्यावरची रेघ तापलेल्या तेलातल्या जिलबीसारखी वळवळत होती.

आक्कानं पडद्यावर आतलं कुठलं तरी पान उघडलं, क्षणभर पाहिलं, आणि मिटवलं.

"माझंच हाय हे," ती म्हणाली. "एक्सल मीच बनवलाय न्हवं. दर वळणाला तो कुठं सरकतोय ते मला कळतंय, आणि मी आवळतो. मुलाचा काही संबंध नाही."

"टीव्हीर तूच सांगलंस ना," काकू मागनं म्हणाल्या, "मशीन खोटा बोलणा नाय म्हणान?"

वाक्य आक्काचंच होतं.

खाली उतरल्यावर काकूंनी मुलीबद्दल निकाल दिला. "चेडू चांगला आसा. पण रेग माका बरी दिसली नाय."

गौरेश म्हणाला, मी हिच्याशीच करणार. काकू म्हणाल्या, "कर." आणि त्यानंतर आक्काशी एक अक्षर बोलल्या नाहीत. साखरपुड्यात ओटी भरली तीही मुक्यानं.

आक्काच्या साहेबांचा फोन आला. तिच्या सीटचं ऐकणं बंद ठेवू आणि परत एकदा रेघ काढू, कुणाला कळणार आहे, असं त्यांचं म्हणणं. आक्का म्हणाली, "मग ती रेघ कुणाची?" आणि फोन ठेवला.

"अगं, गौरेश तयार हाय, मग तुला काय पडलंय?" मी विचारलं.

"यश्या, मला त्या घरात जायचंय. नुसतं गौरेशच्या खोलीत न्हाई." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणीच येऊ दिलं नव्हतं. "त्या बाईनं एकदा तरी माझ्याशी बोलायला पाहिजे. न्हाईतर मी आयुष्यभर पावण्यासारखा राहणार."

इकडं आईला रुखवताची घाई. "स्वतःच्या हातचं काहीतरी मांडायला पाहिजे. लोकरीचं तोरण तरी कर."

आक्का शेडमध्ये गेली आणि आई जिच्यात ओकायची त्या आबांच्या जुन्या जीपवरचं ताडपत्रीचं कव्हर ओढून काढलं. जीपचं इंजिन जाऊन कधीच बॅटरी आली होती, पण मागं अजून पाट्यांच्या स्प्रिंगाच होत्या. आक्कानं त्या काढल्या. गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या, लांबीला रॉड बसवले. आता प्रश्न एक्सल बाजूला न जाऊ देण्याचा.

"चुंबक लावणार?" मी विचारलं.

"न्हाई. वॅटची जोडणी."

वाफेच्या इंजिनाच्या काळात वॅट नावाच्या स्कॉटिश माणसाला सुचलेली ही गोष्ट. एका आडव्या रॉडऐवजी दोन घ्यायचे. एक गाडीच्या डाव्या बाजूनं येतो, एक उजव्या. दोघं मध्ये एका उभ्या फिरकीला, एक वरच्या टोकाला आणि एक खालच्या टोकाला, जोडायचे. फिरकीचा मध्य एक्सलवर. एक्सल वर गेला की एक रॉड डावीकडं ओढतो आणि दुसरा तितकंच उजवीकडं. फिरकी गर्रकन थोडी फिरते, दोघांचंही ओढणं पिऊन टाकते, आणि मध्य सरळ वर, सरळ खाली. दोन्हीकडच्या काकवा सारख्याच जोरानं ओढत असल्या की मधला माणूस पडत नाही, हा अनुभव आपल्याकडं घरोघरी आहे. आपल्यापैकी कुणी तो गाडीला लावला नाही, एवढंच.

फिरकीचं कास्टिंग आबांनी स्वतः ओतलं. फौंड्रीत माणसं असताना आबा भट्टीपाशी उभे राहिले. साचा फोडून तुकडा बाहेर आला, तो गार व्हायची वाट न बघता त्यांनी चिमट्यात धरून उजेडाकडं वर केला आणि माणसांना म्हणाले, "माझ्या पोरीचं ड्रॉइंग हाय." माणसांना ते सकाळपासून माहीत होतं. आबा सकाळपासून तेच सांगत होते.

लग्न कोल्हापुरात झालं. रुखवतात चिरोटे होते, करंज्या होत्या, साखरेचं तुळशीवृंदावन होतं, आणि मधोमध अख्खी जीप होती. मागची बाजू स्टँडवर उचललेली, खाली आरसा, आरशाभोवती रांगोळी. बायका आरशात वाकून बघत होत्या.

"हे कशाचं भरतकाम?" एका मावशीनं विचारलं.

"लोखंडाचं," आई ताठ मानेनं म्हणाली. तोरणाचा विषय तिनं आयुष्यातनं काढून टाकला होता.

उखाणा घ्यायला लावला तेव्हा आक्का म्हणाली,

"एक दांडी ओढते इकडं, दुसरी ओढते तिकडं,
गौरेशरावांच्या गाडीत काही होणार नाही वाकडं."

सगळे हसले. परबकाकू हसल्या नाहीत. त्या आरशापाशी आल्या, आत बघितलं, बोटानं फिरकी हलकेच ढकलून बघितली, आणि गेल्या.

पाठवणीला आक्का रडणार नव्हती. तिनं आदल्या दिवशी सगळं रडून घेतलं होतं, मी साक्षीदार होतो. फुलांनी सजवलेल्या गाडीत ती आणि गौरेश बसले. मागं वऱ्हाडाच्या गाड्यांची रांग. आबा खिडकीशी आले. आबा कधी रडलेले मला आठवत नाहीत. भट्टीपुढं उभं राहून त्यांचे डोळे तसेही कोरडेच असतात.

"जीपमधी ग्रीसचा डबा ठेवलाय," आबा म्हणाले. "फिरकीच्या बुशांना लावत जा. आपलं... महिन्यानं..."

आणि त्यांनी खिडकीतनं डोकं आत घातलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. मग आक्का. मग आई. मग गौरेश, ज्याला खरं तर काही कारण नव्हतं. मग मागच्या गाडीतल्या आत्या, त्यांचं ऐकून त्याच्या मागच्या गाडीतल्या. पडद्यापडद्यावर रेघा थरथरल्या. एकेक गाडी गपकन जागच्या जागी बसली. "प्रवासी घाबरलेले आहेत, कृपया खोल श्वास घ्या," असं सगळ्या गाड्या एका सुरात म्हणू लागल्या. बँडवाल्यांना वाटलं आपल्यालाच सांगताहेत. त्यांनी वाजवणं थांबवलं.

परबकाकू आपल्या गाडीतनं उतरल्या. "मी काय्येक रडाक नाय! माझी गाडी कित्याक थांबली?" त्यांच्या गाडीत दोन नणंदा होत्या. त्या कुठल्याही लग्नात रडायच्या. "दिवेलागणीच्या आत माप ओलांडूक व्हया. उंबऱ्यार माप कोण ठेवतला? घरात माझ्याशिवाय कोण आसा?"

आक्का गाडीतनं उतरली. डोळ्यांतनं धारा, नाकातली नथ वाकडी. ती तशीच कार्यालयात गेली आणि स्टँड काढून जीप बाहेर घेऊन आली. आरसा फुटला, रांगोळी मोडली.

"बसा आई," ती काकूंना म्हणाली. "मी नेतो तुम्हाला."

काकूंनी मुलाकडं बघितलं. मुलगा रडत होता. त्या पदर खोचून जीपमध्ये चढल्या.

मी पाठराखा म्हणून मागं बसलो, करंज्यांच्या डब्यावर, एक्सलच्या बरोबर वर. जीपमध्ये आणखी कुणाला जागा नव्हती, म्हणून नवरदेव माझी मोटरसायकल घेऊन मागनं आले. मुंडावळ्या वाऱ्यावर उडत होत्या. कळे गावापर्यंत लोक थांबून बघत होते. त्यापुढंही बघत असतील, मी मोजदाद सोडली.

आक्का रडत होती आणि चालवत होती. जीपला त्याचं काहीच नव्हतं. ती चालत होती.

गगनबावडा गेलं, घाट सुरू झाला. काकू डॅशबोर्डवर काहीतरी शोधत होत्या. शेवटी राहवेना.

"रेग खंय?"

कितीतरी महिन्यांनी त्या आक्काशी बोलल्या होत्या, आणि तेही रेघेबद्दल.

"रेघ नाही हिला," आक्का म्हणाली. "ही कुणाचंच ऐकत नाही."

"मगे तू भियालंस तर माका कळतला कसा?"

"विचारा की."

तेवढ्यात समोर ते वळण आलं, आमच्या आईचं. आता तिथं आइस्क्रीमची गाडी होती, आणि रस्त्याचा ढाळ पार उलटा झाला होता, बाहेर दरीकडं. वर मधोमध उखडलेला खड्डा. इतकी वर्षं सगळ्यांचे मोकळे एक्सल तो सांभाळून घेत होते, म्हणून तो तिथं आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. डावं चाक त्यात गेलं. मी डब्यासकट उडालो. काकूंनी आक्काच्या शालूचा पदर मुठीत धरला. गाडी वर गेली, खाली आली, आणि बाजूला केसभरसुद्धा सरकली नाही. माझ्या खाली कुठंतरी दोन रॉड एकमेकांविरुद्ध ओढत होते, आणि आबांची फिरकी मधे थोडीशी फिरून परत जागेवर आली. स्टिअरिंग फक्त आक्काच्या हातात होतं. तिनं ते सरळ केलं.

आइस्क्रीमवाल्या बाईनं गाडी ओळखली. सवयीनं तिचा हात लिंबाकडं गेलेला मी पाहिला. लिंबू तिथं नव्हतं.

काकूंनी पदर सोडला नव्हता. दोन वळणं गेल्यावर त्यांनी विचारलं, "भियालंस?"

"व्हय."

"गाडयेक?"

"न्हाई," आक्का नाक ओढत म्हणाली. "तुम्हाला."

मी करंजी खात होतो, ती तोंडातच राहिली.

काकू दरीकडं बघत म्हणाल्या, "त्या दिवशी मागच्या सीटीर मी होतंय. गौरेश माझो एकच झील. तोय आता हातचो जातलो म्हणान... मी भियालंय. रेग माझी होती काय गो?"

गिअर नसलेल्या जीपमध्ये आक्कानं गिअर शोधल्यासारखा हात हलवला.

"तुका ठावक होता?"

"मशीन मीच बनवलंय आई. कुठल्या सीटचं हाय ते मला आतल्या पानावर दिसतंय."

"मगे सगळ्यांफुडे सांगूक नाय कित्याक? आपल्यार घेतलंस ता?"

"तुमची भीती होती," आक्का म्हणाली. "मी कसं सांगू? तुमची तुम्ही सांगायची."

त्या दिवशी मागच्या सीटवर मीही होतो. इतके महिने मला आतून वाटत होतं, की झोपेत मीच घाबरलो असेन आणि बहिणीचं वाटोळं केलं असेन. तिनं मलाही कधी खरं सांगितलं नव्हतं. मी उरलेली करंजी गिळली आणि दुसरी घेतली. माझी बहीण आहे ती. सख्खी.

घर आलं तेव्हा दिवे लागायला जरा अवकाश होता. काकू जीप थांबायच्या आत उतरल्या, पळत आत गेल्या, तांदळाचं माप आणून उंबऱ्यावर ठेवलं. तोवर नवरदेवही पोचले, मुंडावळ्यांत एक पाखरू अडकलेलं. आक्कानं माप ओलांडलं. तांदूळ घरभर उडाले. काकूंनी तिची वाकडी झालेली नथ नीट केली, गालावरचं काजळ स्वतःच्या पदरानं पुसलं.

अंगणात शेजारणी जमल्या होत्या. वऱ्हाडाच्या गाड्या अजून कोल्हापुरात खोल श्वास घेत होत्या. एकीनं जीपकडं बघत विचारलं, "काय गो, घाटात रेग कशी होती?"

"हिका रेग नाय गो," काकू म्हणाल्या. "विचारूचा लागता."

मग काकूंनी पदर खोचला, शेजारणीचा हात धरला, तिला जीपच्या मागं नेलं, आणि आपण स्वतः पैठणीसकट खाली वाकल्या.

"हयसर बग. ही फिरकी. माझ्या सुनेन केल्यान."